बीटलच्या इंजिनावरचे पत्रे: कोणता कशासाठी, आणि बेळगावात ते पुन्हा कसे बनवून घ्यायचे

खानापूरच्या एका तरुणाने विचारलं आहे. आजोबांनी गोव्याहून आणलेली १९६१ ची फोक्सवॅगन बीटल घरी आहे. इंजिन मात्र नंतर कधीतरी बदलून १३०० सीसीचं बसवलेलं. गेल्या वर्षी ते खोललं, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या. जोडताना मिस्त्रींनी बरेचसे काळे पत्रे बाजूला ठेवले आणि सांगितलं, "आपल्याकडे उन्हाळा कडक, इंजिन जेवढं उघडं तेवढं गार." आता केरीहून चोर्ला घाट चढताना अर्ध्यातच पिकअप जातो, ठकठक आवाज येतो आणि वर थांबलं की ऑइलचा दिवा मिणमिणतो. पत्रे परत बसवायलाच हवेत का, बाहेरून मागवावेत की इथेच बनवून घ्यावेत, किती गेजचे हवेत, क्रोम केलेले चालतील का, असे चार प्रश्न त्याने विचारलेत. सोबत फोटो पाठवलेत, त्यामुळे नेमकं बोलता येतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. होय, सगळे पत्रे परत हवेत, एकही न वगळता. आणि ते बसेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. तो ठकठक आवाज आणि मिणमिणता दिवा या दोन्हींचा अर्थ हेड (सिलिंडरांच्या टोकावरचा, व्हॉल्व असलेला भाग) आणि ऑइल दोन्ही मर्यादेबाहेर तापलेत असा होतो. अशा चार-सहा फेऱ्या झाल्या की एक्झॉस्ट व्हॉल्वचा देठ तुटतो, व्हॉल्व पिस्टनवर पडतो, आणि मग पत्र्यांच्या खर्चाच्या कित्येक पट पैसे इंजिनात जातात.

मिस्त्रींचं म्हणणं चुकीचं का, हे समजून घ्या, कारण तसं मानणारे पुष्कळ भेटतात. मोटरसायकलचं इंजिन उघडं असतं आणि गार राहतं हे खरं आहे. पण ते वाऱ्याच्या तोंडावर बसलेलं असतं. बीटलचं इंजिनही हवेनेच गार होतं, पण ते गाडीच्या पाठीत, बंद खोलीत, दोन्ही बाजूंना एकामागे एक दोन-दोन सिलिंडर अशा रचनेत आहे. समोरचा वारा तिथे पोचतच नाही. तिथे पंख्याने हवा ढकलावी लागते, आणि ढकललेली हवा जिथे हवी तिथेच जावी म्हणून पत्रा लागतो. आपल्याकडे हे ज्यांनी बजाज चेतक वापरली त्यांना लगेच कळतं. चेतकच्या सिलिंडरवर काळा काउल, म्हणजे झाकणासारखा पत्रा, असायचा, फ्लायव्हीलवरचा पंखा त्यात हवा मारायचा. कुणीतरी काउल काढून टाकायचं, "आता हवा मोकळी लागेल" म्हणून, आणि तवंदी घाटाच्या चढावर पिस्टन धरून बसायचा. मी शहापुरात पत्र्याच्या दुकानात काम शिकत होतो तेव्हा असे हरवलेले काउल पुन्हा घडवून द्यायला लोक येत. तेव्हापासून हवेने गार होणाऱ्या इंजिनांचा पत्रा हे माझं काम झालं.

लोहाराचा भाता आठवा. भात्याची हवा नळीतून थेट निखाऱ्यावर जाते म्हणून लोखंड लाल होतं. नळी फुटली तर भाता तेवढाच हलतो, हवाही तेवढीच सुटते, पण निखारा विझत जातो. बीटलचा पंखा हा भाता आहे आणि पत्रे ही त्याची नळी. फरक एवढाच की इथे तापवायचं नसून गार करायचं आहे.

यात आकड्यांचाही भाग आहे. पाण्याच्या एका लिटरमध्ये जेवढी उष्णता एक अंशाच्या वाढीने सामावते, तेवढ्यासाठी हवा साडेतीन हजार लिटरांच्या आसपास लागते. म्हणून रेडिएटरच्या गाडीला सात-आठ लिटर पाणी पुरतं, आणि बीटलच्या पंख्याला पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर हवा फेकावी लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथली हवा पणजीपेक्षा सात-आठ टक्के विरळ. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत पंखा इथे कमी वजनाची हवा फेकतो. उन्हाळ्यात ३६-३७ अंशांची दुपार धरा. कारखान्याने ठेवलेली सवड अशी आधीच खर्च होते. गळतीसाठी काही उरत नाही.

आता हवेची वाट बघू. मागच्या काचेखालच्या जाळीतून हवा इंजिनाच्या खोलीत येते. डायनॅमोच्या दांड्यावरचा पंखा ती ओढून घेतो आणि मोठ्या काळ्या हाऊसिंगमध्ये सोडतो. हाऊसिंगच्या आतल्या पाकळ्या ती डावीकडे आणि उजवीकडे वाटतात. सिलिंडरांवरचे कव्हर-पत्रे ती फिन्समध्ये, म्हणजे सिलिंडर आणि हेडवरच्या पातळ पात्यांमध्ये, दाबतात, हवा फिन्समधून खाली उतरते, तापते आणि गाडीखाली बाहेर पडते. एक बाब पक्की ध्यानात ठेवा: इंजिनाच्या वर गार खोली आहे आणि खाली तापलेली खोली आहे. सिलिंडरांना लागून जे पत्रे आहेत ते हवा वळवतात. इंजिनाच्या चारी बाजूंनी जे आडवे पत्रे आहेत ते या दोन खोल्यांमधली जमीन आहेत.

तुमच्या फोटोत ही जमीनच गायब आहे. मागचा ॲप्रन, म्हणजे इंजिनामागचा आडवा पत्रा, नाही, पुलीखालचा पत्रा नाही, पुढच्या बाजूचा, म्हणजे गिअरबॉक्सकडचा पत्रा आहे पण त्याची भोकं उघडी आहेत, आणि बॉडीला लागणारा रबर सगळीकडून गेलेला आहे. आता पंखा वरच्या खोलीतून हवा ओढतो, म्हणजे तिथे दाब थोडा कमी होतो. खाली सायलेन्सर आणि एक्झॉस्टचे पाइप लालभडक. जमिनीला भोक असेल तर ती तापलेली हवा वर चढते, पंख्यात शिरते, पुन्हा सिलिंडरांवर जाते, आणखी तापून खाली उतरते आणि पुन्हा वर येते. आत जाणारी हवा २० अंशांनी जास्त गरम असेल तर हेडही साधारण तेवढंच जास्त तापतं. कार्ब्युरेटरही तीच गरम हवा घेतो, मिश्रण बिघडतं, ठकठक सुरू होते. तुमच्या इंजिनात नेमकं हेच चाललंय. मिस्त्रींनी इंजिन उघडं ठेवलं, पण उघडं ते खालच्या बाजूला पडलं, जिथून गार हवा येतच नाही.

दुसरी गळती फोटोत स्पष्ट दिसते, आणि ती आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक बीटलमध्ये मला सापडली आहे. फॅन हाऊसिंगच्या दोन्ही अंगांना, पाठीमागच्या बाजूस, मनगटाएवढी दोन नळकांडी आहेत. हिटरसाठी. त्यातून हवा एक्झॉस्टभोवतीच्या पेट्यांत जायची आणि तापून गाडीत यायची. आपल्याकडे हिटर कुणाला लागतो? त्या पेट्या गंजल्या की साधे पाइप बसवतात, आणि नळकांडी तशीच उघडी सोडतात. सिलिंडरांसाठी आलेली हवा मग त्या दोन भोकांतून सरळ बाहेर. पाटाचं पाणी बघा, बांध एका जागी फुटला की पाणी तिथूनच वाहतं आणि शेवटच्या सरीला थेंब पोचत नाही. हवेचंही तसंच, सोपी वाट मिळाली की ती अवघड वाटेने जात नाही. फिन्समधली अरुंद वाट तिला अवघड वाटते. या दोन नळकांड्यांना पत्र्याची टोपणं करून आजच्या आज पट्टीने आवळा. सगळ्या कामातलं हे सर्वांत स्वस्त काम आहे.

आणि ती शेवटची सरी म्हणजे तिसरा सिलिंडर. गाडीच्या मागे उभे राहा, डाव्या हाताचा आतला तो तिसरा. तुमच्या इंजिनाचा ऑइल कूलर हाऊसिंगच्या आत, नेमका त्याच्या डोक्यावर उभा आहे. त्यामुळे तिसऱ्याला मिळणारी हवा आधी कूलरमधून गरम होऊन, शिवाय अडून येते. जुन्या काही डिलकोंमध्ये, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, कारखान्यानेच तिसऱ्याचं टायमिंग थोडं मागे ठेवलेलं असायचं, ते यासाठीच. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर पुढे सरकवून त्याला स्वतंत्र पत्र्याची वाट दिली आणि त्याची गरम हवा वेगळी बाहेर काढली. ती व्यवस्था चांगलीच आहे, आणि पुढेमागे तसं हाऊसिंग, पंखा आणि कूलर असा पूर्ण संच मिळाला तर जरूर बसवा. पण अर्धवट संच बसवू नका. रुंद पंखा, हाऊसिंग, कूलरचा ब्रॅकेट आणि त्याचे दोन-तीन छोटे पत्रे मिळूनच ते काम करतात.

तिसऱ्या सिलिंडरबद्दल एक अनुभव सांगतो. जांबोटीजवळच्या एका वाड्यातून गाडी आली होती. तीन वर्षं खोपीत उभी, शेजारी भाताच्या पेंढ्याची गंजी. मालकांनी बॅटरी घातली, गाडी सुरू झाली, ते आनंदाने बेळगावला निघाले. पिरनवाडीच्या अलीकडे इंजिन धरलं. मी हाऊसिंग उचललं तर आत उंदराचं घरटं होतं. पेंढा, चिंध्या, कापूस, सगळं ऑइल कूलर आणि तिसऱ्या सिलिंडरच्या फिन्समध्ये घट्ट ठासलेलं. बाहेरून इंजिन स्वच्छ दिसत होतं. त्या माणसाने वडिलांची आठवण म्हणून ती गाडी जपली होती, आणि हाऊसिंग एकदा उचलून बघायला कुणी सांगितलं नाही म्हणून इंजिन गेलं. तेव्हापासून माझा नियम आहे, गाडी पावसाळाभर उभी असेल तर हाऊसिंग उचलून बघितल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. तुमचा परिसरही भाताचाच. हा नियम तुम्हीही पाळा.

आता ज्या पत्र्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो. प्रत्येक बाजूच्या दोन सिलिंडरांच्या मधोमध, खालच्या अंगाने, एक छोटा वाकवलेला पत्रा बसतो. हाताच्या पंजापेक्षा फार मोठा नाही. वरून आलेली हवा सिलिंडरच्या वरच्या अर्ध्या भागाला स्पर्श करून मधल्या फटीतून सरळ खाली पडू पाहते. हा पत्रा तिला अडवतो आणि सिलिंडरच्या पोटाला गुंडाळून फिरवतो. तो नसेल तर सिलिंडरची वरची बाजू गार आणि पोट तापलेलं अशी स्थिती होते. सिलिंडर गोल राहत नाही, रिंगा नीट बसत नाहीत, ऑइल जळायला लागतं. तुम्ही नव्या रिंगा टाकूनही धूर येतोय असं लिहिलंय, मला पहिला संशय इथेच येतो.

अडचण अशी की हा पत्रा सिलिंडर चढवल्यावर आणि पुशरॉडच्या (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या बसवण्याआधी घालावा लागतो. एकदा हेड आवळलं की त्याला आत जायला वाट नाही. म्हणून इंजिन जोडताना जो विसरला तो विसरलाच. गाडीखाली झोपा, टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घ्या, पुशरॉडच्या नळ्यांच्या वरून दोन सिलिंडरांच्या मध्ये बघा. पत्रा दिसला तर उत्तम. तो हलतोय का, हेही काडीने ढोसून बघा, कारण सैल पत्रा थरथरून फिन्स झिजवतो आणि एक दिवस गळून पडतो. पत्रा दिसला नाही तर हेड उतरवावं लागेल. मन घट्ट करून सांगतो, उतरवा. नव्या इंजिनावर परत हात घालायला जिवावर येतं हे मला कळतं, पण बाकीचे सगळे पत्रे बसवून हा एक राहिला तर घाटातला त्रास पूर्ण जाणार नाही.

हेड उतरलंच तर त्याच्या फिन्समधून उजेड आरपार दिसतो का ते बघा. ओतकामात काही फिन्सच्या मध्ये धातूची पातळ पापडी राहते, विशेषतः एक्झॉस्ट व्हॉल्वजवळ. बारीक कानस आणि ड्रिलने ती मोकळी करायची, फिन्स न दुखवता. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि नेमकी जिथे सर्वांत जास्त उष्णता तिथे वाट उघडते.

स्पार्क प्लगच्या वायरवर जो रबरी टोप असतो तो कव्हर-पत्र्याच्या भोकावर बसून ते बंद करतो. तुमच्याकडे चारपैकी एकच आहे. प्रत्येक उघडं भोक म्हणजे दाबातली हवा हेडवर जाण्याऐवजी वर परत. हे टोप घ्याच, पर्याय शोधू नका.

थर्मोस्टॅट आणि झडपांबद्दल मतभेद आहेत. उजव्या सिलिंडरांखाली पितळी भात्यासारखी डबी असते, ती ६५ ते ७० अंशांना फुगून हाऊसिंगमधल्या झडपा उघडते. डबी फुटली तर ती फुगलेल्या स्थितीतच राहते, म्हणजे झडपा उघड्याच, इंजिनाला धोका नाही. आपल्याकडे ती बहुधा नसतेच, आणि स्प्रिंग झडपा उघड्या ठेवते. उघड्या राहू देत, पण झडपा कापून काढू नका. त्या उघड्या असताना हवेला वळणही देतात. डबी चालू मिळाली तर मी ती बसवतो. डिसेंबरात खानापूरला पहाटे चांगलीच थंडी असते आणि थंड इंजिनाची झीज सर्वांत जास्त होते.

आता बनवण्याकडे येतो. बाहेरून मागवायचं की इथे बनवायचं, तर दोन्ही. फॅन हाऊसिंग आणि सिलिंडरांवरची कव्हरं साच्यात दाबून काढलेली असतात. त्यांचे गोलवे दोन्ही दिशांना जातात, हाताने केलं तर कुठेतरी फट राहते. ती तुमच्याकडे मूळची आहेत, चेपली असतील तर ठोकून सरळ करता येतील. ॲप्रन, पुलीखालचा पत्रा, पुशरॉडच्या खालचे दोन लांब पत्रे, टोपणं, आणि काळजीने केला तर सिलिंडरांमधला तो छोटा पत्रासुद्धा बेळगावात उत्तम होतो. याच गावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान टाकलं आणि पुढे लोखंडी नांगर घडवले. आज उद्यमबाग आणि मच्छे इथे हायड्रॉलिकचे सुटे भाग मायक्रॉनच्या मापात होतात. पत्र्याच्या चार घड्या घालणारा हात इथे मिळत नाही असं कुणी म्हटलं तर मला मनापासून वाईट वाटतं. हात आहेत. त्यांना नमुना आणि कारण नीट समजावून सांगायला हवं.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) शीटचा, वीस गेज, म्हणजे ०.९ मि.मी.च्या आसपास. बावीस गेज हाताला छान वळतो पण इंजिनाच्या थरथरीने स्क्रूच्या भोकापासून चिरतो. अठरा गेज विनाकारण जड आणि घडीला कोपऱ्यात नीट बसत नाही. गॅल्व्हनाइझ्ड पत्रा सुचवतील, गंजत नाही म्हणून. वेल्डिंगला तो त्रास देतो, जस्ताचा धूर माणसाला बाधतो, आणि एक्झॉस्टजवळ थर लवकर जातो. ॲल्युमिनियम नको, थरथरीने मोडतो.

आधी पुठ्ठ्याचा फर्मा करा. मी जाड कॅलेंडरचा पुठ्ठा वापरतो, कात्रीने थोडं थोडं कापत इंजिनावर लावून बघतो. दोन दिवस लागले तरी लागू द्या, पत्र्यावर पहिली रेघ मारण्याआधी पुठ्ठा सगळीकडून बसला पाहिजे. ॲप्रनच्या फर्म्यात एक्झॉस्टच्या पाइपांसाठी जागा सोडताना पाइपाच्या भोवती पत्रा तीन-चार मिलिमीटर लांब ठेवा, खेटवू नका, नाहीतर खडखड करेल. बॉडीकडच्या कडेला मात्र बोटभर जागा हवी. पत्रे इंजिनाला आवळलेले असतात, इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, बॉडी स्थिर. ती बोटभर फट रबराने भरायची असते, पत्र्याने नाही. कडा सपाट सोडू नका, आत दुमडून घ्या, आणि रुंद भागावर एक-दोन उठाव मारून घ्या. सपाट पत्रा ढोलासारखा वाजतो, उठाव दिला की ताठ होतो. लाकडी हातोडी आणि वाळूची पिशवी एवढ्यावर हे होतं.

सिलिंडरांमधला छोटा पत्रा करायचा असेल तर कुणाच्या तरी चालू इंजिनातला मूळ नमुना बघायला मिळवा. वक्रता सिलिंडरच्या फिन्सना लागूनच जायला हवी, मध्ये पोकळी राहिली तर त्याचा अर्धा उपयोग जातो. हेड आवळणाऱ्या स्टडांच्या मध्ये तो दाबून, जोर लावून बसला पाहिजे. अलगद बसला तर तो चुकला आहे.

सगळे स्क्रू ६ मि.मी.चे, खाली रुंद वॉशर. जिथे आटे गेले असतील तिथे स्क्रू न बसवता सोडून देतात, तसं करू नका, आटे दुरुस्त करून घ्या. एक स्क्रू सुटला की तिथून चीर सुरू होते.

क्रोमबद्दल तुम्ही विचारलंत. काळा रंग उष्णता बाहेर टाकतो आणि क्रोम अडकवतं, हे ऐकलं असेल. त्यात थोडं तथ्य आहे, पण या इंजिनाची उष्णता मुख्यतः वाहत्या हवेने जाते, पत्र्याच्या रंगाने नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. बाजारात चकचकीत म्हणून जे संच मिळतात त्यांचे पत्रे पातळ असतात आणि मापात बसत नाहीत. कोपऱ्यात अंगठा जाईल एवढी फट मी बघितली आहे. मूळच्या पत्र्यावर पातळ काळा, उष्णता सोसणारा रंग द्या, खाली रेडऑक्साइडचा एक हात. पावडर कोटिंग करणार असाल तर जाड थर नको, आणि स्क्रूच्या जागा व जोडाच्या कडा झाकून घ्यायला सांगा, नाहीतर पत्रे एकमेकांवर बसणार नाहीत. खालच्या पत्र्यांना आपल्या पावसात चिखल आणि तांबडी माती चिकटते. दिवाळीच्या आधी एकदा धुऊन, वाळवून, रंग उडाला असेल तिथे परत हात मारा.

बॉडीकडच्या रबराला मूळ घडणीचा मिळाला तर सर्वोत्तम. नाही मिळाला तर बस-ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्यांकडे दरवाजाचा पोकळ रबर मिळतो, त्याची खाच पत्र्याच्या कडेवर घट्ट बसते. गादीचा स्पंज किंवा फोमच्या पट्ट्या कृपा करून वापरू नका. पेट्रोल आणि ऑइल शोषतात आणि इंजिनाच्या खोलीत आग लागायला तेवढं पुरतं.

सगळं बसल्यावर तपासणी. बरेच जण उदबत्तीचा धूर धरतात. कार्ब्युरेटरच्या शेजारी निखारा नको. मी पतंगाच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या काडीला चिकटवतो. इंजिन आरामात चालू ठेवा, पट्टी सर्व रबराच्या कडेने फिरवा. जिथे ती खालून वर फडफडते तिथे गरम हवा चढतेय. मग प्लगच्या टोपांभोवती आणि हाऊसिंगच्या जोडांवर फिरवा. तिथे उलट, पट्टी बाहेर ढकलली गेली तर दाबातली हवा गळतेय. पंख्याच्या तोंडापासून पट्टी, चिंधी, शर्टाची बाही, सगळं लांब. आत ओढलेली चिंधी हवेची वाट बंद करते आणि बाहेरून कळत नाही.

पत्रे बसल्यावरही ठकठक राहिली तर मग टायमिंग आणि मिश्रण बघा, त्याआधी नाही. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्वची, फट इंजिन पूर्ण थंड असताना, मी ०.१५ मि.मी. ठेवतो. ऑइल या इंजिनात अवघं अडीच लिटर असतं आणि गार करण्यात त्याचा मोठा वाटा आहे, म्हणून ते ५,००० किलोमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका आणि प्रत्येक वेळी ऑइलची जाळी धुवा. डायनॅमोचा पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण दीड सेंटिमीटर दबावा. हा पट्टा तुटला तर डायनॅमो थांबतो आणि त्याच दांड्यावरचा पंखाही थांबतो. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा चालता चालता लागला तर "बॅटरीचं घरी जाऊन बघू" असं करायचं नाही, त्याच जागी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. जुना पण धड पट्टा आणि एक पाना गाडीत ठेवा.

घाटात चढताना गिअर उतरवा. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे चौथ्यात रखडत चढलं तर उष्णता जास्त आणि हवा कमी, दुसऱ्या-तिसऱ्यात फेऱ्या ठेवून चढलं तर हवा भरपूर. आवाज मोठा येतो म्हणून घाबरू नका, या इंजिनाला तेच मानवतं.

पहिली फेरी खानापूर ते जांबोटी एवढीच करा. तिथे थांबून झाकण उघडा, हाताने मागचा ॲप्रन आणि रबर चाचपा, सगळे स्क्रू एकदा बघा. दुसरी फेरी कणकुंबीपर्यंत. या दोन्ही फेऱ्यांनंतर थांबल्यावर ऑइलचा दिवा मिणमिणला नाही, तर केरीपर्यंत उतरा आणि सकाळच्या गारव्यात परत चढा. ५०० किलोमीटर झाले की सगळे स्क्रू पुन्हा आवळा, नवे पत्रे तोवर आपापल्या जागी बसलेले असतात आणि वॉशरखाली थोडी ढिलाई आलेली असते. आरशातून काढलेला त्या छोट्या पत्र्याचा फोटो पाठवा, बसलाय की नाही ते मी बघून सांगतो.